दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्याचा विमा

साहेबराव धुमाळांनी कॅमेरा घेतला त्या दिवशी भोरात कुणाचंच काही बिघडलं नाही. एक म्हैस तेवढी गेली.

म्हैस साहेबरावांची नव्हती, ही यातली खरी गोम. ती त्यांच्या पत्नीची, रतनची. वेल्ह्याच्या भावानं, गेनूनं, बहिणीला हौसेनं दिलेली. साहेबराव पंचायत समितीत कारकून. त्यांच्या नावावर एक सायकल आणि तिच्या हप्त्यांचं पुस्तक, एवढीच मालमत्ता. पण पानशेतच्या धरणावरच्या एका इंजिनिअरची उत्तरेकडं बदली झाली, त्यानं आपला कॅमेरा विकायला काढला, आणि ही बातमी ऐकल्यापासून साहेबरावांचं जेवणातलं लक्ष उडालं. कॅमेरा साधासुधा नव्हता. एकाखाली एक असे दोन डोळे, वरचं झाकण उघडून मान खाली घालून आत बघायचं. सोबत कातड्याची पेटी, फ्लॅश आणि तीन पायांची घोडी. साहेबराव आठ दिवस तोंड पाडून बसले. नवव्या दिवशी रतननं म्हैस विकली.

"घ्या एकदाचा," ती म्हणाली. "पर एक सांगून ठिवते. वैशाखात गेनूच्या पोरीचं लगीन हाय. आमच्या घरात आजवर कुणाच्या लग्नाचा फोटू निघाला न्हाई. समद्या भावकीचा एक फोटू मला पायजे. म्हस कुठं गेली म्हून कुणी इचारलं, तर म्या भितीवरच्या फोटूकडं बोट दावीन."

साहेबरावांनी छातीवर हात ठेवून कबूल केलं. तेव्हा दिवाळी होती आणि वैशाखाला सहा महिने होते. सहा महिन्यांत माणूस चंद्रावर जाण्याच्या गोष्टी करत होता, तिथं एका फोटोचं ते काय?

पण मध्ये शेटे मास्तर आले. मास्तर शेजारी राहत. हायस्कुलातून निवृत्त झालेले, आणि सबंध आळीत इंग्रजी वाचता येणारे ते एकटेच, त्यामुळं सगळ्या आळीची काळजी त्यांनाच करावी लागे. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, परत दिला आणि विचारलं, "धुमाळ, याचा विमा उतरवलात का?"

"विमा? कॅमेऱ्याचा?"

"सुधारलेल्या देशात माणसं छत्रीचासुद्धा उतरवतात. वस्तू फुटली, जळली, चोरीला गेली, पाण्यात पडली, उंदरांनी खाल्ली, तरी कंपनी भरपाई देते."

हे सगळं रतन दारात उभी राहून ऐकत होती. कॅमेऱ्याला काही होऊ शकतं हे तोवर तिच्या मनातही आलं नव्हतं. मास्तरांनी एका दमात पाच वाटा दाखवल्या. त्या रात्री तिला झोप आली नाही आणि सकाळी तिनं कॅमेरा लोखंडी ट्रंकेत घालून किल्ली कमरेला लावली.

"म्हस चोरीला गेली तर वरडती तरी. ह्यो मुका हाय," ती म्हणाली. "इमा उतरल्याबिगर ह्यो उंबऱ्याभाईर जायाचा न्हाई."

"अगं, मग लग्नाचा फोटो?"

"त्यो तर निघायलाच पायजे."

म्हणजे विमा नाही तर कॅमेरा नाही, कॅमेरा नाही तर फोटो नाही, आणि फोटो नाही तर वेल्ह्यात तोंड दाखवायला जागा नाही. साहेबरावांनी कचेरीत मोठमोठे पेच सोडवले होते, म्हणजे वरच्या टेबलाकडं पाठवले होते. पण घरात वरचं टेबल रतनचंच होतं.

आळीत बातमी फुटली. समोरच्या धोंडाबाईंनी ट्रंकेच्या कडीला लिंबू-मिरची बांधून दिली आणि याहून मोठा विमा कुठला, असं विचारलं. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं सल्ला दिला, की कॅमेऱ्याला हातरुमालाचं झबलं शिवावं, म्हणजे चोराला ते लेकरू वाटेल. साहेबरावांनी सगळ्यांचं नम्रपणे ऐकून घेतलं आणि संक्रांत झाल्यावर रजेचा अर्ज टाकून पुण्याला गेले.

विमा कंपनीचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. तिथले इन्स्पेक्टर गद्रे हे सडपातळ, सुतासारखे सरळ गृहस्थ. ट्रकचा विमा, दुकानाचा विमा, गोदामाचा विमा, हे त्यांचं रोजचं. भोरहून कुणी कॅमेऱ्यासाठी आलंय म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावून साहेबरावांकडं पाहिलं.

"उतरवू की," ते म्हणाले. "खरेदीची पावती द्या."

पावती नव्हती. इंजिनिअर उत्तरेत कुठं आहे ते सरकारलाच ठाऊक.

"मग वस्तूचा एक फोटो आणि जबाबदार पंचांनी केलेला किमतीचा दाखला. गोल शिक्क्यासह."

साहेबराव जिना उतरून रस्त्यावर आले आणि मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. फोटो काढायला कॅमेरा लागतो. कॅमेरा एकच, आणि फोटो त्याचाच काढायचा! भोरात दुसरा कॅमेरा म्हणजे स्टँडजवळच्या स्टुडिओवाल्याचा. तो साहेबरावांशी दिवाळीपासून बोलत नव्हता, कारण साहेबरावांनी उत्साहाच्या भरात त्याच्या कॅमेऱ्याला एकडोळ्या म्हटलं होतं.

शेवटी त्यांनीच शक्कल काढली. कॅमेरा घराबाहेर न्यायचा नाही ना? नेणार नाही. आरशात बघून काढायचा. रतननं ट्रंक उघडून दिली आणि हात पसरून शेजारी उभी राहिली, पडला तर झेलायला. फोटो निघाला. पुण्याहून धुऊन आला. त्यात कॅमेरा फार छान आला होता. कॅमेऱ्यामागं साहेबरावांचं अर्धं कपाळ, बाजूला झेलण्याच्या पवित्र्यातली रतन, आणि आरशाला चिकटवलेल्या तिच्या सात टिकल्या.

गद्र्यांनी फोटो बराच वेळ न्याहाळला. "हे काळे ठिपके यंत्राचा भाग आहेत का?"

"नाही. ते कुटुंबाचे."

"आणि कुटुंब?"

"तेही यंत्राचा भाग नाही," साहेबराव म्हणाले. गद्र्यांनी तसं समासात लिहून घेतलं. माणूस चोख होता.

राहिला किमतीचा दाखला. जबाबदार पंच आणायचे कुठून? तालुक्यात तगाईच्या, म्हणजे शेतकऱ्याच्या सरकारी कर्जाच्या, कामाला बैलांची किंमत ठरवायची झाली तर सोनबा आणि कोंडिबा यांना बोलवत. दोघांची हयात बैलबाजारात गेलेली. त्यांनी सांगितलेली किंमत मामलेदारही खाली-वर करत नसे. साहेबरावांनी विचार केला, किंमत ती किंमत. बैलाची काय आणि कॅमेऱ्याची काय. हा विचार त्यांना इतका सरकारी आणि बिनचूक वाटला, की त्यांनी ताबडतोब कचेरीतून गोल शिक्का मारलेला छापील पंचनाम्याचा कागद आणला. कागद जनावरांचा होता, कारण कचेरीत दुसरा कागदच नव्हता.

बाजारच्या दिवशी दोघे म्हातारे ओटीवर येऊन बसले. रतननं चहा दिला आणि ट्रंकेतून कॅमेरा काढून घोंगडीवर ठेवला. सोनबांनी आधी त्याच्याभोवती एक फेरी मारली. मग पाठीवर थाप दिली. मग साहेबरावांकडून मागचं झाकण उघडून घेऊन आत बघितलं.

"दात न्हाईत," ते म्हणाले.

"जुना हाय म्हणायचा," कोंडिबा म्हणाले. "साहेबराव, खोड काय हाय का ह्याला?"

"खोड नाही तशी. थंडीत कधीमधी कळ अडकते."

"म्हंजे बसकन मारतोय. मारका न्हाई न्हवं?"

"अहो कोंडिबा, कॅमेरा आहे तो!"

"तुमी मालक. मालकानं सांगितलं ते लिव्हायचं. लिवा, गरीब हाय."

साहेबरावांनी लिहिलं. रंग: काळा. शिंगे: नाहीत. डोळे: दोन, एकाखाली एक. स्वभाव: गरीब. खोड: थंडीत बसतो. मग किमतीची वेळ आली आणि दोघा म्हाताऱ्यांनी समोरासमोर मांडी घालून हातांवर उपरणं टाकलं. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. सोनबांनी बोटं दाबली, कोंडिबांनी मान झटकली. कोंडिबांनी दाबली, सोनबांनी आकाशाकडं पाहिलं. मध्ये एकदा दोघंही रागावून चहा प्यायले. शेवटी सोनबा म्हणाले, "ठरलं."

"किती?" साहेबरावांनी टाक बुडवला.

"चारचौघांत सांगत न्हाईत. हात घाला."

स्वच्छ धुतलेल्या सदऱ्याची बाही सरकवून साहेबरावांनी स्वतःच्या ओटीवर उपरण्याखाली हात घातला. सोनबांनी त्यांची बोटं अशी काही आवळली, की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. किंमत मात्र कळली नाही. पुन्हा हात घातला, पुन्हा पाणी आलं. आळीतली माणसं कुंपणाशी जमली. सतरा वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला चारचौघांत बोटं मोजता येत नव्हती.

"साडेचारशे म्हंत्यात," दारातून रतन म्हणाली.

सोनबांनी चमकून वर पाहिलं. "तुला गं कसं कळलं?"

"मामा, तुमचं कोपार हालतंय की. माझा बा बैलाचा दलाल व्हता."

म्हाताऱ्यांनी एकदम आदरानं उपरणं आवरलं आणि कागदावर अंगठे उठवले. साडेचारशे! म्हैस चारशेला गेली होती. त्या दिवशी पहिल्यांदा रतननं कॅमेरा ट्रंकेत ठेवण्यापूर्वी पदरानं पुसला. साहेबरावांना बरं वाटलं, आणि कॅमेऱ्याचा थोडा हेवाही वाटला. अकरा वर्षांच्या संसारात त्यांना कुणी असं पुसलं नव्हतं.

गद्र्यांनी पंचनामा वाचला. शिंगांपाशी थांबले, स्वभावापाशी थांबले, मग खाली गोल शिक्का पाहिला आणि कागद फायलीला लावला. चैत्र गेला. वैशाख लागला. लग्नाला तीन दिवस उरले आणि पोस्टमन रजिस्टर घेऊन आला. इंग्रजीतली चार पानांची पॉलिसी. शेटे मास्तरांनी ती मोठ्यानं वाचली, कुणालाच काही समजलं नाही, आणि सगळ्यांची खात्री पटली की कागद अस्सल आहे. रतननं कमरेची किल्ली काढली.

मग काय विचारता! भोरहून नसरापूर आणि नसरापूरहून वेल्हे, दोन एसट्या बदलून वरात निघाली. कॅमेरा खिडकीपाशी, मध्ये रतन, आणि साहेबराव कंडक्टरच्या पेटीपाशी उभे. वेल्ह्यात पोचेपर्यंत बातमी पुढं गेली होती. नवरीला बघायला आलेली माणसं आधी कॅमेरा बघून जात.

अक्षता पडल्या, जेवणं झाली, आणि उतरत्या उन्हात भावकीच्या फोटोची वेळ झाली. गेनूच्या परसात ऐंशी माणसं उभी राहिली. साहेबरावांनी चष्मा सारखा केला, कॅमेरा दोन्ही हातांत धरला, झाकण उघडलं आणि मान खाली घातली. त्या क्षणी ते कारकून राहिले नाहीत. ते सांगत होते आणि ऐंशी माणसं ऐकत होती, हा अनुभव त्यांना नवा होता आणि चढत होता.

या जातीच्या कॅमेऱ्यात डावं ते उजवं दिसतं. त्यामुळं साहेबरावांनी "डावीकडं या" म्हटलं की माणसं काचेतून निघून जात, "उजवीकडं या" म्हटलं की दुसऱ्या बाजूनं निघून जात. दोनदा नवरी हरवली. एकदा नवरदेवाच्या जागी गेनूची आत्या आली. शिवाय दर मिनिटाला कुणीतरी नवीन येऊन टोकाला उभं राही. अखेर साहेबरावांनी गर्जना केली.

"आता सगळ्यांनी ऐका! मी 'झालं' म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही. बोलायचं नाही. पापणीसुद्धा नाही! जो हलेल त्याचं तोंड पुसून जाईल!"

ऐंशी माणसं खांब झाली. तोंड पुसलं जाण्याची भीती कुणाला नसते? श्वाससुद्धा दबकत येऊ लागले. साहेबरावांनी आत पाहिलं. दोन्ही टोकं काही मावत नव्हती. ते एक पाऊल मागं सरले. एक टोक मावलं. आणखी दोन पावलं सरले. साहेबरावांची मान खाली, डोळे काचेत, आणि पाठीमागं गेनूची विहीर. तिला कठडा नव्हता.

ऐंशी माणसांना ती दिसत होती. ऐंशी माणसं जागच्या जागी शिस्तीत उभी होती. गेनूच्या कपाळावरून घाम ओघळला, पण त्यानं पुसला नाही. साहेबराव आणखी एक पाऊल मागं गेले, त्यांचा चेहरा आनंदानं उजळला, सगळी भावकी मावली, बोट कळीवर टेकलं, आणि ते दिसेनासे झाले.

धप्प असा आवाज आला. तरीही कुणी हललं नाही.

"झाला का फोटू?" ओठ न हलवता गेनूच्या आत्यानं विचारलं.

पहिली हलली ती रतन. रांग मोडून, शालू वर धरून ती धावली. विहिरीत पाणी गळ्याशी होतं आणि साहेबरावांना पोहता येत नव्हतं. पायाखाली गाळ. चष्मा गेलेला. पण दोन्ही हात सरळ वर होते आणि हातांत कॅमेरा कोरडा ठणठणीत होता. गेनूनं दोर सोडला. दोर साहेबरावांच्या नाकासमोर डुलू लागला.

"दाजी, दोर धरा!"

"कसा धरू? हात मोकळे नाहीत!" साहेबराव म्हणाले आणि गाळात चार बोटं खाली गेले. पाणी हनुवटीला आलं.

"अवो, सोडा त्यो डबा!" रतन काठावर गुडघे टेकून ओरडली. तिचा आवाज तिसऱ्या आळीला गेला असेल. "सोडा म्हंते ना! त्याचा इमा हाय, तुमचा न्हाई!"

साहेबरावांच्या डोळ्यांपुढून सगळं सरकलं. गद्रे, आरसा, उपरणं, रजेचे अर्ज. त्यांनी एकदा कॅमेऱ्याकडं पाहिलं. एकदा वर पाहिलं. चष्मा नसल्यानं रतनचा चेहरा दिसत नव्हता, पण ती रडत होती हे ऐकू येत होतं. त्यांनी कॅमेरा सोडला आणि दोर धरला.

वर आल्यावर रतननं आधी त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग भर भावकीत त्यांचं तोंड पदरानं पुसलं. "कायबाय झालं असतं म्हंजे म्या कुणाच्या तोंडाकडं बघायचं वो?" ती म्हणाली. साहेबराव ओलेचिंब, दातावर दात वाजत होते, आणि ते लाजले.

दुसऱ्या दिवशी गेनूनं बुडी मारून कॅमेरा काढला. आत गाळ होता, फिल्मचा लगदा झाला होता. भावकीचा फोटो भावकीच्या विहिरीतच राहिला.

भोरला आल्यावर सगळ्यांना हुरूप आला. नुकसानीचा दावा! विमा कशासाठी होता मग? शेटे मास्तरांनी कंपनीचा फॉर्म समोर घेतला आणि नवव्या रकान्यावर बोट ठेवलं. वस्तू वाचवण्यासाठी मालकानं कोणते प्रयत्न केले?

"लिहा, प्रयत्नांची शिकस्त केली, परंतु पाण्यानं वस्तू हिसकावून नेली," मास्तर म्हणाले. "आणि वहिनी काठावर काय बोलल्या त्याचा उल्लेख नको. ते एक वाक्य गेलं की साडेचारशे आपले."

कचेरीतले लोकही तेच म्हणाले. धोंडाबाईही तेच म्हणाल्या. साहेबरावांनी टाक बुडवला. 'प्रयत्नांची' एवढं लिहिलं आणि थांबले. खोटं लिहायला ते काही घाबरत नव्हते. जनावराच्या कागदावर कॅमेरा चढवलेला माणूस तो. पण तेवढं एक वाक्य काही केल्या त्यांच्यानं गाळवेना.

"तुला काय वाटतं?" त्यांनी आत वळून विचारलं. "पैसे आले तर म्हैस येईल."

रतन भाकरी थापत होती. ती थांबली नाही. "म्या बोलले ते बोलले. खोटं हाय व्हय ते? ऐंशी माणसांनी ऐकलंय. झालं तसं लिवा."

साहेबरावांनी झालं तसं लिहिलं. मास्तर कपाळ धरून बसले.

दीड महिन्यानं उत्तर आलं. एकच पान, खाली इन्स्पेक्टर गद्रे यांची सही आणि शिक्का. मास्तर ओटीवर बसून एकेक ओळ मराठीत सांगू लागले. "'विमेदाराच्या पत्नीने, पूर्ण शुद्धीत व अंदाजे ऐंशी साक्षीदारांसमक्ष, विमा उतरलेल्या मालमत्तेपेक्षा विमेदार स्वतः अधिक मोलाचा असल्याचे जाहीर केले, व तदनुसार सदर मालमत्ता बुद्धिपुरस्सर सोडून देण्यात आली, याबद्दल कंपनीची खात्री झाली आहे. सबब दावा नामंजूर.'" मास्तरांनी कागद खाली ठेवला. "वाईट झालं, धुमाळ. फार वाईट झालं."

"पुन्हा वाचा," साहेबराव म्हणाले.

मास्तरांनी वाचलं.

"ते खात्रीचं पुन्हा वाचा."

तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर साहेबरावांनी कागद काढून घेतला, सायकल काढली आणि थेट बाजारात जाऊन त्याला काच आणि सोनेरी पट्टीची चौकट करून आणली. बाहेरच्या खोलीत, समोरच्याच भिंतीवर, त्यांनी तो स्वतः खिळा ठोकून लावला. रतन म्हणाली, "बाई बाई, काय तरीच!" पण चौकट वाकडी लागली होती ती तिनंच सरळ केली.

पुढं घरी येणारा प्रत्येक जण विचारायचा, की इंग्रजीतला हा कसला कागद? साहेबराव उठून उभे राहत आणि म्हणत, "आमच्या दोघांचा फोटो आहे."